दुबईतलं दूध

मॉल बघायला अर्धा दिवस विमानात बसून वाळवंटात जायचं, ही कल्पना माझी नव्हती. सिंगापूरमध्ये राहणाऱ्या माणसाला मॉलचं काय कौतुक? पण गुड फ्रायडेला जोडून सुट्टी आली आणि माझ्या मैत्रिणीने हट्टच धरला. नवरे नाहीत, पोरं नाहीत, फक्त आपण तिघी. "तू नाही म्हणालीस ना, तर आयुष्यात तुझ्याशी बोलणार नाही," असं तिने मला लिफ्टमध्ये बजावलं. मी हसून हो म्हटलं.

ती माझी सिंगापूरमधली पहिली मैत्रीण. ईस्ट कोस्टच्या एकाच कॉन्डोत आम्ही दोघी भाड्याने राहायचो, ती वरच्या मजल्यावर, मी खालच्या. मी एका बँकेत अकाउंट्सला, ती आयटीत, आणि दोघी पुण्याच्या. शनिवारी सकाळी समुद्राकाठी चालायला जायचं आणि मग तिच्या घरी चहा, हा आमचा नेम. चहाचं दूध तापवायचं काम माझ्याकडे होतं, कारण ती दूध ठेवून फोनवर बोलायला जायची आणि तिच्या स्वयंपाकघराला कायम जळक्या दुधाचा वास. माझ्या हातून दूध कधी उतू गेलेलं नाही. कितीही गप्पा रंगल्या तरी माझा एक कान पातेल्याकडे असतो, आवाज बदलला की हात आपोआप बटणाकडे जातो. "तुला दुधावर नेमलंय," ती म्हणायची, आणि मला त्या नेमणुकीचा, खरं सांगते, अभिमान होता.

तिसरी लांब उत्तरेला राहायची, सेम्बावांगला. आम्ही तिला सेम्बावांगच म्हणायचो. तिच्या पोटात काही राहत नाही अशी तिची ख्याती होती. ती ख्याती किती खोटी होती हे मला दुबईत कळलं.

त्याच्या आधीची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर माझा राग उगाच वाटेल. संक्रांतीच्या सुमाराला माझ्या नवऱ्याला त्याच्या कंपनीने पुण्याच्या ऑफिसात जागा देऊ केली होती. मला परत जायचं होतं. किती जायचं होतं ते मी कोणाला सांगत नसे, पण मुलगी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला शेवटी सिंगापुरी 'lah' जोडून इंग्लिशमध्ये उत्तर द्यायला लागली तेव्हापासून मी मनातल्या मनात पुण्यातलं घर लावत होते. ही बातमी मी आधी मैत्रिणीलाच सांगितली. ती चहाचा कप खाली ठेवून रडायला लागली. साधंसुधं नाही, हुंदके देऊन. "तू गेलीस तर मी इथे कोणाच्या जिवावर राहू गं?" मग तिने जवळच्याच बेडोकची गोष्ट काढली. आता दोघींकडे पीआर आहे, इथे कायम राहायची परवानगी आहे, भाडी भरत बसण्यापेक्षा बेडोकला एकाच मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट घेऊ. दारं उघडी ठेवू. पोरं या घरात जेवतील, त्या घरात झोपतील.

आम्ही ते फ्लॅट बघायलाही गेलो. खाली खाण्याच्या टपऱ्यांचं हॉकर सेंटर, जवळ मार्केट. ती कॉरिडॉरमध्ये उभी राहून म्हणाली, "इथे मध्ये तुळस. दोन्ही घरांची एकच." माझ्यासारखी व्यवहारी बाई त्या तुळशीला भुलली. मी नवऱ्याला पुणं नको म्हणायला लावलं. "बघ, नीट विचार कर," एवढं म्हणून त्या संध्याकाळी तो एकटाच चालायला गेला. आमच्या फ्लॅटचे कागद झाले. तिचे व्हायचे होते. तिचा नवरा तेव्हा प्रोजेक्टसाठी दुबईला होता, तो आला की सह्या होतील असं ती म्हणायची. दुबईला जाऊन त्यालाही भेटता येईल हे मग ओघानेच आलं.

तर दुबई. विमानतळावरून टॅक्सीतून जाताना जिकडे बघावं तिकडे क्रेन. अर्ध्या इमारती तयार, अर्ध्या होऊ घातलेल्या, आणि मध्येमध्ये वाळू, जणू कोणी झाडायची राहून गेलीय. पहिल्या दिवशी आम्ही मॉलमध्ये खरा बर्फ पाहिला. बाहेर अंग भाजून निघत होतं आणि आत भाड्याचे जाड कोट घालून माणसं बर्फावर घसरत होती. सेम्बावांग धपकन पडली आणि आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. मग लाकडी होडीतून खाडी पार केली, सोन्याच्या बाजारात अख्खं अंग झाकतील एवढे हार बघितले आणि काहीही न घेता बाहेर आलो. मी खुशीत होते. मैत्रीण मात्र भलतंच विचारत होती. "आवडलं का तुला? राहायला कसं वाटेल गं इथे?" मी म्हटलं, "राहायला? भट्टीत?" ती सेम्बावांगकडे बघून हसली. तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर वाळवंटात जीपने जायचं ठरलं होतं. त्याआधी तिचा नवरा भेटणार होता. त्याच्या एका सहकाऱ्याचा रिकामा फ्लॅट आहे, तिथे चहा घेऊन पुढे जाऊ, असं ती म्हणाली. दार त्यानेच उघडलं. झब्बा घातलेला, अंघोळ करून ताजातवाना. "या, या वहिनी," म्हणाला, आणि जरा जास्तच हसला. घरात सामान काही नव्हतं. एक चटई, चार खुर्च्या, खिडकीत पडद्याऐवजी चादर. मैत्रीण म्हणाली, "दूध संपलंय बहुतेक. खालच्या ग्रोसरीतून आणतेस? फुल क्रीमच आण."

मी गेले. तिथे ताकाची आणि दुधाची बाटली अगदी सारखी दिसते, म्हणून मी मल्याळी दुकानदाराला दोनदा विचारून दूधच घेतलं. वर आले, तर ओट्यावर नवंकोरं पातेलं होतं, त्यावरचं लेबलही निघालेलं नव्हतं. मी ते नखाने खरवडून काढलं, पातेलं धुतलं आणि दूध तापत ठेवलं. बाकीचे तिघे माझ्या मागे येऊन उभे राहिले. एका चहासाठी एवढी गर्दी कशाला, असं माझ्या मनात आलंही.

दुधाचा आवाज बदलला. माझा हात बटणाकडे गेला, आणि मैत्रिणीने माझं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "जाऊ दे उतू."

दूध वर आलं, कडेवरून सांडलं, शेगडीवर चर्रकन जळलं. सेम्बावांगने पर्स उघडली आणि हळदीकुंकवाची डबी काढली. पर्समध्ये! सिंगापूरहून आणलेली. मैत्रिणीने शेगडीला हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि मग माझ्याकडे वळून माझ्या कपाळाला कुंकू लावलं. तिचे डोळे भरले होते. रथसप्तमी सोडली तर आपल्याकडे दूध मुद्दाम उतू जाऊ देतात ते फक्त नव्या घरात. ते न कळायला मी काही परक्या देशात वाढले नव्हते. तरी मी वेड्यासारखं विचारलं, "कोणाचं घर आहे हे?"

"आमचं," तिचा नवरा म्हणाला. "भाड्याचंच आहे सध्या."

त्याला इथे कायमची नोकरी मिळाली होती. जूनमध्ये इंटरनॅशनल शाळेचं वर्ष संपलं की तीही येणार होती, मुलाला घेऊन. ती बोलत होती आणि मी ओट्यावरून ओघळणारं दूध पुसत होते, कारण तेवढंच मला सुचत होतं. मग मी फडकं खाली ठेवलं.

"कधीपासून चाललंय हे?"

"अगं, नक्की काहीच नव्हतं..."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

दिवाळी. आणि ती रडली होती संक्रांतीला. कॉरिडॉरमधली तुळस त्याच्याही नंतरची. मी तिला तेवढंच म्हटलं, की मग मला थांबवलंस कशाला? मला पुण्याला जाऊ का दिलं नाहीस?

तिने खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण तिने खरं सांगितलं. "इथलं जमलं नसतं तर? तू पुण्याला, आणि मी तिथे एकटी. मला भीती वाटली गं." आणि मग, जणू याने सगळं भरून निघेल अशा आवाजात, "तुझ्याशिवाय मला या घरात दूध उतू घालवायचं नव्हतं. म्हणून तर तुला एवढ्या लांब आणलं."

मला ते खरं वाटलं, आणि त्याचाच जास्त संताप आला. तिचा माझ्यावर जीव होता, यात मला आजही शंका नाही. फक्त माझं पुणं तिने स्वतःच्या अडीअडचणीसाठी बाजूला काढून ठेवलं होतं, आणि अडचण आलीच नाही तेव्हा परत द्यायला विसरली.

उरलेल्या दुधाचा चहा झाला. मी तो प्यायले, याचा मला अजून राग येतो. नंतर वाळवंटातही गेले. जीप वाळूच्या टेकड्यांवरून वर-खाली आपटत होती, सगळे ओरडत होते, आणि सेम्बावांग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ती सांगणारच होती तुला. आम्हाला वाटलं, इथे आलीस की तुलाही आवडेल." त्या 'आम्हाला'ने मला जेवढं लागलं तेवढं जीपने लागलं नाही. मी तिला म्हटलं, "मला उलटी येईल, लांब बस." ती लांब बसली.

परतीच्या विमानात मैत्रीण माझ्या शेजारी होती. मी डोळे मिटून घेतले आणि ती मी झोपलेय असं समजण्याचं नाटक करत राहिली. घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. पुण्याची जागा तोवर दुसऱ्याला गेली होती. तो 'मी म्हटलं होतं' असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं.

पावसाळी हवेत, जून संपता संपता, ती गेली. निघताना दाराशी आली होती. मी चहा विचारला नाही.

आम्ही बेडोकला राहायला गेलो. समोरचा फ्लॅट एका म्हाताऱ्या चिनी जोडप्याने घेतला. आजोबा रोज संध्याकाळी दाराशी उदबत्त्या लावायचे आणि मला बघून मान हलवायचे. माणसं चांगली होती. पहिल्या दिवशी मी देव ओट्यावर मांडले आणि नव्या पातेल्यात दूध ठेवलं. नवरा हात जोडून उभा होता. मुलगी ओट्याला रेलून बघत होती. आदल्या दिवशीच मी तिला समजावलं होतं, की आज दूध सांडायचं असतं, ते शुभ असतं.

दुधाचा आवाज बदलला. साय फुगून कडेपर्यंत आली.

"आई, don't touch lah!" मुलगी ओरडली. "Let it spill!"

पण माझा हात बटणावर पोचला होता. मनगट धरायला तिथे कोणी नव्हतं. दूध जागच्या जागी खाली बसलं.