जाड त

तिला सगळे कोमट खाला म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. ती रागवायची नाही, कारण नाव पडलं होतं तिच्या कामावरून. गल्लीत एखादी बाई गेली, एखादं लेकरू गेलं, की शेवटची आंघोळ घालायला खालाला बोलावणं यायचं. निरोप आणणाऱ्याला ती चपला पायात सरकवता सरकवता एकच विचारायची, "पाणी तापत ठेवलंय का?" नसायचंच ठेवलेलं. ज्या घरात माणूस गेलंय तिथे गॅस पेटवायचं कुणाला सुचतंय? मग नातेवाईक गोळा व्हायच्या आत खाला पोचायची, ओढणी खोचायची, पातेलं चढवायची, बादल्या विसळायची आणि कोपर बुडवून बघायची. गरम नको, आणि गार तर मुळीच नको. "त्यांना आता काय कळतंय, खाला?" असं एकदा एक शहाणा म्हणाला. खालाने त्याला असा झापला, की पुढे ती समोरून आली तर तो रस्ता बदलायचा.

हे वेड तिला सासूने लावलं. सासू हेच काम करायची, आणि बाई महाकडक. पाणी जरा निवलं की सुनेचा उद्धार. पण शिकवलंही तिनेच. आधी उजवी बाजू, मग डावी, शेवटच्या पाण्यात कापूर. आणि दुआ. खाला अरबी लिपी बघून वाचायची, अगदी घडाघडा. तेवढं लहानपणी शिकवलं होतं. पण या दुआ तिने कागदावर कधी पाहिल्याच नव्हत्या. सासूच्या तोंडून निघाल्या आणि हिच्या कानात बसल्या. अर्थ? अर्थ कुणी सांगितला नाही, हिने विचारला नाही. म्हणायची ती वरच्यासाठी, त्याला कळते, झालं. मध्ये आपण कशाला नाक खुपसायचं?

मग वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या सुनेचं बाळ गेलं.

पहिलंच होतं. दवाखान्यात जन्मलं, एकदा जोरात रडलं, आईचं बोट धरलं आणि गेलं. घरी आणल्यावर खालाने न्हाणीघरात छोटा टब मांडला. सून स्वतः ओली बाळंतीण. पण तिला तिथून हलवायची कुणाची टाप नव्हती. ती दाराबाहेर स्टुलावर बसली, आणि दारातून तिचा आवाज आला, "खाला, पाणी गार नाही ना?"

"कोमट आहे बेटा. कोपर घालून बघितलंय."

खालाने त्याला न्हाऊ घातलं, पांढऱ्या कपड्यात गुंडाळलं, आणि सासू करायची तसंच त्याच्या कानाशी वाकून लहान मुलांची दुआ पुटपुटली. मग पुरुषमंडळी त्याला घेऊन गेली.

काही दिवसांनी खाला वर डोकावली. सून भिंतीकडे तोंड करून पडली होती. ताटं जशी जात होती तशी परत येत होती. घरातले हात टेकून बसले होते. खाला तिच्या पायाशी बसली, पाय चेपू लागली.

"खाला, त्याच्या कानात तुम्ही काय म्हणालात?"

"दुआ म्हटली, बेटा."

"ते कळलं. म्हणजे काय म्हणालात?"

खालाने तीच दुआ अरबीतून पुन्हा म्हटली.

"त्याच्याशी शेवटचं कुणी बोललं असेल तर तुम्ही," सून भिंतीकडे बघतच म्हणाली. "आणि तुम्हालाच ठाऊक नाही काय बोललात?"

आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. पण ती हे हळूच म्हणाली, आणि खालाच्या काळजात सुरी फिरली. किती लेकरं या हातांखालून गेली! किती आया दाराबाहेर बसल्या! विचारलं फक्त हिने.

खाला तडक मौलानांकडे. ते बिचारे कुणाच्या तरी निकाहला निघालेले, एक पाय रिक्षात. म्हणाले, "लहान मुलांची दुआ ना? त्यात 'फरतन' म्हणतो आपण. फार मोठी गोष्ट आहे ती. आगे का सामान समजा खाला, बाकी सावकाश सांगतो!" रिक्षा गेली. खाला तेवढं पदरात घेऊन धापा टाकत जिना चढली आणि सुनेला सांगून मोकळी झाली.

सून उठून बसली. "सामान?" तिने विचारलं. "माझं बाळ सामान?"

ती पुन्हा आडवी झाली आणि त्यानंतर नवऱ्याशीही बोलेनाशी झाली. खालाच्या तोंडचं पाणी पळालं. ही पोर अशीच भिंतीकडे बघत बाळाच्या मागे जाणार, असं तिच्या मनाने घेतलं. आणि तिला परत आणायचं तर त्या एका शब्दाचा अर्थ आणायला हवा होता, खराखुरा, कुणाच्या घाईतून सांडलेला नव्हे.

चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत एक तरुण बाई अरबी शिकवायच्या. बोलायची अरबी नव्हे, जुनी, ग्रंथातली. खालाने तिथे नाव घातलं. खालू, म्हणजे तिचा नवरा, सायकली दुरुस्त करायचा. त्याने चाकाखालून डोकं काढून विचारलं, "या वयात शाळा? पाटी आणू का?"

"आणा. आणि डबाही भरून द्या," खाला म्हणाली.

वर्गात सगळ्या कॉलेजच्या मुली आणि मागच्या बाकावर खाला. बाई तिच्या धाकट्या लेकीपेक्षा लहान, पण बाई त्या बाई. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "अरबी कुणाकुणाला येते?" एकही हात वर झाला नाही.

"खाला, तुम्ही आत्ता जिन्यात काय बडबडत होतात?"

खाला ओशाळली. "मी होय? मी म्हणत होते, घरमालकाने जिन्यात दिवा लावायला काय हरकत आहे?"

"मालक अरबी. हरकत अरबी. हरकत म्हणजे त्यांच्याकडे हालचाल. आणि मालक तर तुम्ही रोज नमाजमध्ये म्हणता. मालिक. तोच हा."

खाला बघतच राहिली. अगंबाई! जो शब्द तिने जन्मभर हात बांधून, मान खाली घालून म्हटला, त्याच शब्दाने ती दर पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीवरून भांडत होती! दोघांची कधी ओळखच झाली नव्हती. बाई फळ्यावर एकेक शब्द लिहीत होत्या, हिशेब, हजर, वारस, हक्क, कबूल, आणि खालाला वाटत होतं की आपल्याच घरात एक खोली होती, दार लोटलेलं होतं, आणि आपण आयुष्यभर त्यावर टॉवेल वाळत घातला.

परत येताना भाजीवाल्याने विचारलं, "बाकी काय देऊ, खाला?" आणि खाला पिशवी धरून तशीच उभी. बाकी! सगळं संपल्यावर जो उरतो, तो बाकी. ते तर अल्लाचं नाव. आणि हा माणूस दिवसभर कोथिंबिरीवर पाणी मारत ते नाव घेतोय, आणि त्याला पत्ताच नाही. भाजीवाला घाबरून म्हणाला, "बरं नाही का वाटत?"

हळूहळू खालाला कळलं की या भाषेत जवळजवळ प्रत्येक शब्दाच्या पोटात तीन अक्षरं असतात. ती सापडली की शब्दाचं घर सापडतं, भावंडं सापडतात, आणि कोशातही शब्द त्या तीन अक्षरांखालीच बघायचा. फक्त एका ठिकाणी तिचं घोडं अडायचं. त्या भाषेत त दोन. बाई म्हणायच्या, "हा पातळ, जीभ हलकेच टेकवा. हा जाड. जीभ वर उचला, तोंड भरून म्हणा."

"बाई, मराठी तोंडाला एकच त येतो," खाला म्हणायची, "आणि तो मधल्या वजनाचा." मुली हसून हसून बेजार व्हायच्या.

एकदा बाईंना यायला उशीर झाला. टेबलावर कोश होता, जाडजूड, अर्थ उर्दूत. खालाने चष्मा पुसला, मनात बिस्मिल्लाह म्हटलं आणि उघडला. फरतन. शेपटीचा 'अन' काढून टाकायचा, हे ती शिकली होती. उरलं फ, र, त. बोटाने ओळ न् ओळ सरकत ती तिथे पोचली, आणि अक्षरं जुळवून वाचलं. गोड पाणी. पिण्याजोगं, तहान भागवणारं गोड पाणी.

वर्गबिर्ग गेला खड्ड्यात. खाला जिना उतरली, रस्ता ओलांडला, दुसरा जिना चढली आणि सुनेसमोर उभी राहिली. "गोड पाणी!" ती म्हणाली. "मी त्याला गोड पाणी म्हटलं, बेटा! माझ्या डोळ्यांनी वाचून आले."

सून वळली. बराच वेळ तिने ते शब्द ओठांतल्या ओठांत घोळवले. "गोड पाणी," ती म्हणाली, आणि मग तिने प्यायला पाणी मागितलं. त्या दिवसापासून ताटं रिकामी येऊ लागली. सून खिडकीत बसू लागली, नवऱ्याला सांगू लागली, माझं गोड पाणी असं, माझं गोड पाणी तसं. खालाचे पाय जमिनीवर ठरेनात.

पुढच्या तासाला तिने फुशारकीने सगळं बाईंना सांगितलं. बाईंचा चेहरा बदलला. "खाला, ती दुआ म्हणून दाखवा बरं." खालाने म्हटली. बाईंनी डोळे मिटले. "खाला, त्यातला त जाड आहे. तुम्ही पातळ त असलेलं पान बघितलंत. तो शब्दच वेगळा."

खालाने कानांवर हात ठेवले. "सांगू नका," ती म्हणाली. "सामान असेल तर मुळीच सांगू नका."

बाईंनी कोश उघडला. योग्य पान काढलं, तिच्याकडे सरकवलं, आणि जिथे खाला अडली तिथे समजावलं. "कोरड्या मुलखातून तांडा चालायचा. पाणी लांब, माणसं दमलेली, तहानलेली. मग आपल्यातल्याच एकाला पुढे पाठवायचे. तो आधी विहिरीवर पोचायचा. दोर बघायचा, बादल्या नीट लावायचा, हौद भरून ठेवायचा. मागचे येतील तेव्हा पाणी तयार पाहिजे. त्या माणसाला फरत म्हणायचे."

"आणि दुआ?"

"दुआ एवढीच, की याला आमचा फरत कर. बाळासाठी नाही मागत आपण, आपल्यासाठी मागतो. मौलाना बरोबरच होते. सामान नव्हे, पुढे जाऊन सामान करणारा. सोय करणारा."

म्हणजे मौलानांचा 'करणारा' तेवढा रिक्षात बसून गेला होता! पण खालाला हसू आलं नाही. ती स्वतःच्या हातांकडे बघत होती. बादल्या विसळणारे हात, कोपर बुडवून बघणारे. सगळ्यांच्या आधी पोचून पाणी ठेवायचं, हे तर तिचं काम. तिच्या सासूचं काम. आणि त्या कामाला एक नाव होतं. ते नाव ती इतकी वर्षं, त्याच हातांवर पाणी असताना, इवल्या इवल्या कानांत सांगत होती, आणि एकदाही स्वतः ऐकलं नव्हतं. या अल्ला, ती मनात म्हणाली, काय भाषा केलीस तू! आणि काय बहिरी केलीस मला! ती ओढणी तोंडावर धरून रडली, आणि मुलींपैकी कुणी हसलं नाही.

पण आता वर जायचं कसं? सामान सांगून झालं, गोड पाणी सांगून झालं, हा तिसरा अर्थ. पोर म्हणेल, या बाईचा काय भरवसा? हातातलं गोड पाणीही जायचं आणि ती पुन्हा भिंतीकडे तोंड करायची.

"राहू दे ना," खालू म्हणाला. "गोड पाणी काय वाईट आहे? जेवतेय ती."

"तिने मला एकच विचारलं होतं, काय म्हणालात म्हणून. जे म्हटलंच नाही ते तिच्या पदरात ठेवून मी झोपू कशी?"

सून खिडकीत बसली होती. खालाने एका दमात सगळं सांगितलं. चुकीचा त, चुकीचं पान, मग तांडा, विहीर, दोर, बादल्या, हौद. सुनेने खिडकीकडची मान तिच्याकडे वळवली.

"तो शब्द म्हणा ना परत," सून म्हणाली.

खालाने जीभ वर उचलली, तोंड भरून घेतलं आणि म्हटला. जन्मात पहिल्यांदा जाड त तिच्या तोंडातून जसाच्या तसा बाहेर पडला. सुनेने तिच्यामागून म्हणून बघितला. मग तिने मांडीवरच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"एवढासा तो," ती म्हणाली. "त्याला बादली उचलेल का हो, खाला?"

खालाने सुनेचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"माझी सासू गेलीय ना आधी," ती म्हणाली. "बादली तीच उचलेल. महाकडक बाई आहे, पोरी. तो नुसता कोपर बुडवून बघेल, आणि तू पोचेपर्यंत ती त्याला पाणी गार होऊ देणार नाही."