डॉयल स्टेगलचे हात

डॉयल स्टेगल म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा. लाकडाच्या गिरणीत ओंडके ओढून ओढून त्याचे हात फावड्याएवढे झाले होते, आणि ते त्याच्या ताब्यात कधीच नव्हते. टॅलो तळ्याच्या काठी राहणाऱ्या निम्म्या बाप्यांची नाकं त्यानेच वाकडी केलेली. माझाही एक दात त्याच्याकडे जमा आहे. शेवटी एकाच्या बरगड्या मोडून तो तुरुंगात गेला. सुटला तो पॅरोलवर. सोडताना त्याला बजावलं होतं, पुन्हा कुणावर हात उचललास तर उरलेली सगळी शिक्षा आत काढायची.

माझी बहीण आर्डिथ कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला. पट्ट्यावरून येणाऱ्या कोंबड्या दिवसभर कापायच्या. काडीसारखी बाई, पण जीभ सुरीसारखी. तो घरी आला त्याच दिवशी तिने त्याला दारातच अडवलं.

"राग आला की तळ्यावर जायचं. मासे मारायचे. माणसाला बोट जरी लावलंस तर तू तुरुंगात कुजलास तरी मी भेटायला यायची नाही."

"बरं," तो म्हणाला. आणि खरंच तळ्यावर जायला लागला.

आमच्या अलाबामात वसंतात डॉगवुडच्या झाडांना पांढरी फुलं आली की बास मासा खोल पाणी सोडून काठाला येतो. शहरातले शौकीन तळ्याच्या मधोमध गळ टाकून दिवस घालवतात आणि रिकाम्या हाताने परततात. डॉयल उन्हाकडे तोंड असलेल्या खाडीत शिरायचा, कारण तिथलं पाणी आधी कोमट होतं. गुडघाभर पाण्यात, घट्ट वाळूवर, पडलेल्या झाडाच्या आडोशाला परातीएवढा पांढरा गोल दिसला की समजायचं, घरटं सापडलं. नर शेपटीने गाळ झाडून ते तयार करतो. झाडून झाडून शेपटी सोलवटते, रक्त निघतं, तरी गडी थांबत नाही. मादी येते, अंडी घालते आणि चालती होते. राखणीला उरतो तो नर.

त्या वेळी नर भुकेने चावत नाही, रागाने चावतो. घरट्यात गळाला लावलेला रबरी सरडा टाकला तर पहिल्यांदा तो नुसता उचलून बाहेर नेऊन थुंकतो. पुन्हा टाकला की त्याचं डोकं चिरडतो. ते बघून डॉयल पोट धरून हसायचा.

"बघ हॉइट, याने पॅरोल मोडला!"

आमच्याकडे याचे दोन कायदे आहेत, कुठे लिहिलेले नाहीत. एक, घरट्यासमोर काठावर वेताची काठी रोवलेली असली की ते घरटं त्या दिवसापुरतं त्या माणसाचं. दुसरा, नर पकडलास तर मादी मिळो न मिळो, त्याला परत घरट्यावर सोडायचा. कारण ब्लूगिल नावाची चिल्लीपिल्ली मासळी आजूबाजूला टपलेलीच असते. नर हटला की अंड्यांचा फडशा. डॉयलने माणसांना कधी दयामाया दाखवली नाही, पण नर मात्र तो दोन्ही हातांनी पाण्यात धरायचा आणि त्याच्यात जीव येईपर्यंत सोडायचा नाही.

त्या शनिवारी त्याला एक थोराड मादी दिसली, डुकराच्या पिल्लासारखी. त्याने काठी रोवली आणि आर्डिथला आणायला आला. ती मादी तिने पकडावी असं त्याच्या मनात होतं. लग्न झाल्यापासून या माणसाने बायकोसाठी केलेली ही पहिली गोष्ट असावी. माझं आमिषाचं दुकान बोटींच्या धक्क्यावरच आहे. दोघं हसत होडीत बसलेली मी पाहिली, आणि तसलं दृश्य मला सवयीचं नव्हतं.

दोघं परत आली ती रिकाम्या हाताने. खाडीत काठी मोडून पाण्यावर तरंगत होती आणि घरट्यात ब्लूगिलांची पंगत बसली होती.

माझ्या वजनकाट्यावर तेव्हा लॅमर प्रुइट ती मादी लटकवत होता. पलीकडच्या काठचा, चकचकीत बोटवाला. मासे कापायच्या फळीवर त्याने नर ठेवला होता, जिवंत. सगळ्यांसमोर त्याने सुरी खुपसली आणि नराचं पोट फाडलं.

"काठी होती तिथे," डॉयल म्हणाला.

"होती का? वाऱ्याने पडली असेल." प्रुइटने आतडी बोटांवर घेतली आणि डॉयलच्या छातीवर फेकली. "काय करशील? मार ना. पोलिसातल्या बॉयडला फोन करू? दोन मिनिटांत येईल."

डॉयलने धक्क्याचा खांब दोन्ही हातांनी धरला. प्रुइटने त्याच्या कानफटात दिली. मग दुसरी. डॉयलच्या ओठातून रक्त आलं. खांब करकरायला लागला.

"हॉइट, मला धर," तो म्हणाला. मी त्याला मागून मिठी मारली. धरलेल्या बैलासारखा तो धुसफुसत होता, पण खांब काही त्याने सोडला नाही.

"अरे, याला खच्ची करूनच सोडलाय की!" प्रुइट लोकांकडे वळून म्हणाला. "याची बायको बऱ्याच रात्री माझ्या—"

पुढचं त्याला बोलता आलं नाही. आर्डिथने होडीतलं वल्हं उचलून त्याच्या जबड्यावर हाणलं होतं. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. तो वाकला तशी तिने गुडघ्यावर दुसरा ठेवून दिला, आणि तो दोन बोटींच्या मधे पाण्यात गेला. पाणी लाल झालं. मी त्याला कॉलर धरून बाहेर ओढला. खरं सांगायचं तर ओढायची इच्छा नव्हती.

डेप्युटी बॉयड आला. त्याने प्रुइटचा लोंबता जबडा पाहिला, डॉयलच्या छातीवरचं रक्त पाहिलं आणि बेड्या काढल्या.

"डॉयल, लेका, वाटलं होतं उन्हाळ्यापर्यंत तरी टिकशील."

"मी मारलं," आर्डिथ म्हणाली.

बॉयड हसला. "ताई, वारा सुटला तर तुलाच खांबाला बांधून ठेवावं लागेल."

"तिनेच मारलं," मी ओरडलो. "मी याला धरून उभा होतो!"

"मेव्हण्याला वाचवायला सख्ख्या बहिणीला अडकवतोस, हॉइट? लाज बाळग."

प्रुइटला बोलता येत नव्हतं. त्याने बोट उचललं आणि डॉयलकडे दाखवलं. कोंबड्या कापणाऱ्या बाईने आपल्याला लोळवलं हे तो मेला असता तरी कबूल करणार नव्हता. मी धक्क्यावरच्या बाकीच्यांकडे वळलो. सगळ्यांनी सगळं पाहिलं होतं, आणि सगळे आता वजनकाट्याकडे बघत होते. त्यात वाकड्या नाकांचे बरेच होते. जशास तसं, दुसरं काय.

"तूच सांग," बॉयड डॉयलला म्हणाला. "कुणी मारलं?"

डॉयलने आर्डिथकडे पाहिलं. मग हात पुढे केले.

"मी. दुसरं कोण मारणार?"

बेड्या बंद झाल्याचा आवाज आला आणि आर्डिथ डॉयलवर तुटून पडली. दोन्ही मुठींनी तोंडावर, डोळ्यांवर, नाकावर.

"खोटारड्या! आयुष्यात एकदा हात आवरलास, आणि तेही मातीत घालतोस? मी दिलेला मार स्वतःच्या नावावर घेतोस काय? बोल खरं! बोल!"

डॉयलचं नाक फुटलं. तो चेहरा न फिरवता तिच्यासमोर उभा राहिला. बॉयडने तिला मागे खेचलं, तेव्हा तिने त्यालाही कोपर मारून माझ्या दुकानाच्या भिंतीवर आदळलं. तिच्या मुठी सोलून निघाल्या होत्या.

"आता तरी पटलं का रे," ती बॉयडला म्हणाली, "कुणी मारलं ते?"

बॉयड भिंतीला टेकून तिच्या मुठींकडे बघत राहिला. त्याला पटलं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग प्रुइटसारखाच त्यानेही बाईचा मार गिळला, टोपी उचलून डोक्यावर घातली, डॉयलला गाडीत बसवलं आणि दार लावलं.