धुतलेली घोंगडी

परंड्याला आमच्या घरामागच्या चिंचेवर आग्या मोहोळाची दोन पोळी लटकली होती. ती काढायला खेड्यातून एक म्हातारा धनगर आला. त्याचं नाव कुणी विचारलंच नाही. सगळे त्याला मामा म्हणायचे.

चिंचोक्याची खळ चढवून चढवून त्याची काळी घोंगडी इतकी कडक झाली होती, की उभी ठेवली तर उभी राहायची. तिची डोक्यावरून अंगभर खोळ घेऊन तो झाडावर चढला, की माशीची नांगी आत पोचायची नाही. खाली उतरल्यावर तीच अंथरून बसायचा, आणि बसण्याआधी तिच्यावरून बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवायचा.

पहिलं पोळं काढून तो घोंगडी आमच्या ओसरीवर ठेवून गेला. धुराचा वास येतोय म्हणून आईनं ती मायेनं खळखळून धुतली. सगळी खळ निघून गेली. दुसऱ्या दिवशी त्यानं घोंगडी चाचपली, आईकडं पाहिलं आणि मुकाट्यानं तीच पांघरून वर चढला.

उतरला तेव्हा त्याचा एक डोळा सुजून मिटला होता. आईला रडू फुटलं. "मामा, सांगितलं का नाही तुम्ही?"

सुजल्या ओठांनी तो म्हणाला, "लई मऊ झाली बगा, माय. आज झोप चांगली लागंल."