‘आपला’ म्हणजे नेमका कोणाचा? : बालेवाडीतली डबल्स

पुण्याला टेनिस बघायला चाललो, असं मी अमरावतीत सगळ्यांना सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. बालेवाडीला व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा होती हे बरोबर, पण निघालो ते मीनलच्या फोनमुळे. “काका, आई गेल्यापासून बाबा घराबाहेरच पडत नाहीत. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील.” मीनल ही लिमयांची मुलगी, आणि लिमये म्हणजे माझे डबल्सचे जोडीदार. खडकीच्या कारखान्यात आम्ही बरोबर नोकरी केली आणि वसाहतीतल्या मुरमाच्या कोर्टावर संध्याकाळी बरोबर खेळलो. ते पेठेतले, मी वऱ्हाडातला. सगळा जन्म एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणण्यात गेला.

जाणाऱ्यांनी रेल्वेचं तिकीट वेळेवर काढावं. मी आळस केला आणि ट्रॅव्हल्सच्या वरच्या बर्थवर हाडं खिळखिळी करून घेतली. सकाळी कोथरूडला पोचलो. लिमयांनी दार उघडलं, मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाले, “आलात? चपला बाहेर.” एवढं स्वागत झालं. खूप वाळले होते. हॉलमध्ये पडदे ओढलेले, आणि वहिनींची खुर्ची कोणी बसू नये म्हणून वर्तमानपत्रांनी भरलेली.

मी बालेवाडीचं नाव काढलं. “टेनिस टीव्हीवर दिसतं,” ते म्हणाले.

“डबल्स कुठं दाखवतात जी टीव्हीवर?”

दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करून आलो, तर हे पांढरे कॅनव्हासचे बूट घालून सोफ्यावर तयार. “उन्हाची टोपी घ्या. नंतर डोकं दुखतंय म्हणून माझं डोकं खाऊ नका.”

वाटेत मिसळ खाल्ली. लिमयांनी एकच पाव खाल्ला, पण तर्री दोनदा मागितली, तेव्हा मला जरा बरं वाटलं. कोथरूडहून रिक्षा चांदणी चौकातून हायवेने जाते. भाडं आधी ठरवा आणि चौकातल्या गर्दीसाठी वेळ हाताशी ठेवा. आमच्या वेळी या बाजूला नुसती शेतं होती. आता काचेच्या इमारतींमधून हिंजवडीकडे जाणाऱ्या पोरांचे लोंढे. लिमये मान वळवून वळवून बघत होते. “एवढं कधी बांधलं यांनी?” असं दोनदा विचारलं त्यांनी, आणि दोन्ही वेळा रिक्षावाला “लई दिवस झालं की काका,” म्हणाला.

एक सांगून ठेवतो, डबल्स बघायची तर सुरुवातीच्या फेऱ्या गाठा. एकेरीला गर्दी उसळते, दुहेरीचे सामने बाजूच्या कोर्टांवर होतात आणि तिथे खेळाडूंच्या बुटांची करकर ऐकू येईल इतक्या जवळ बसता येतं. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. एका बाजूला आपल्याकडचा एक मुलगा आणि त्याचा उंचाडा परदेशी जोडीदार. प्रत्येक गुणानंतर दोघं तोंडासमोर चेंडू धरून कुजबुजायचे आणि चेंडू मध्ये आला की “माइन!” “युवर्स!” ओरडायचे.

“इंग्रजीचं बरं आहे,” लिमये म्हणाले. “साहेबालाही यू आणि शिपायालाही यू.”

ते कशाबद्दल बोलत होते ते मला पक्कं ठाऊक होतं. कारखान्याच्या स्पर्धेची अंतिम फेरी होती, शेवटचा गुण. चेंडू आमच्या दोघांच्या बरोबर मधोमध आला आणि लिमये ओरडले, “आपला!” आमच्याकडे ‘आपण’ म्हणजे मी. माणूस ‘माझा’ म्हणतोय असं समजून मी बाजूला झालो. त्यांच्या पेठेत ‘आपला’ म्हणजे ‘तुमचा, साहेब, घ्यावा’. तेही बाजूला झाले. चेंडू दोघांच्या मधून मुकाट्याने मागच्या कुंपणाच्या जाळीला लागला आणि करंडकही गेला. “सरळ ‘तुझा’ म्हणत जा ना जी,” मी तेव्हा कळवळून म्हणालो होतो. “अहो राऊत, मी कोणाला अरेतुरे करत नाही,” हे उत्तर आलं.

बालेवाडीत निर्णायक टायब्रेक रंगला होता. चेंडू मधोमध आला, त्या मुलाने उंचाड्याकडे पाहिलं, उंचाड्याने मुलाकडे, आणि चेंडू दोघांच्या मधून निघून गेला. लिमये ताडकन उठून ओरडले, “अरे, आपला!”

सगळं स्टँड वळून बघायला लागलं. मागून एक पोरगा म्हणाला, “काका, बसा ना प्लीज.”

मी हळूच विचारलं, “कोणाचा जी?”

लिमये हसायला लागले. खांदे गदगदा हलत होते, टोपी खाली पडली. आणि हसता हसताच डोळे भरून वाहायला लागले. “हिला तो किस्सा फार आवडायचा हो,” ते म्हणाले. “पाहुणे आले की नक्कल करून दाखवायची. आता कोणाला सांगू?” मी त्यांचा हात धरून बसलो. मलाही वहिनींचा कोर्टाच्या कडेला ठेवलेला चहाचा थर्मास आठवत होता. सामना कोण जिंकलं, ते आम्हा दोघांनाही सांगता येणार नाही.

परतताना बस स्टँडवर त्यांनी बाकरवडीचा पुडा हातात दिला आणि “निघा आता,” म्हणून पाठ फिरवली. अमरावतीला आलो तरी माझा जीव त्या पडदे ओढलेल्या घरातच होता. माणूस एक दिवस बाहेर पडला, पण पुढे काय? बाकरवडी संपली, फोन काही आला नाही. मीही केला नाही, उगाच पाळत ठेवतोय असं वाटायला नको.

काल त्यांचा फोन आला.

“सकाळी सोसायटीमागच्या भिंतीवर चेंडू मारतो,” नमस्कार वगैरे काही नाही, थेट सुरुवात. “भिंत बरी आहे. चुकत नाही, प्रवासाच्या तक्रारी करत नाही.”

“वा! मग आमची काय गरज?”

पलीकडे लिमयांनी घसा खाकरला.

“भिंतीबरोबर डबल्स होत नाही, राऊत. माझ्या खोलीत एक पलंग रिकामा आहे. कधी यायचं ते बघ. हा चेंडू तुझा.”

आणि नेहमीसारखा फोन ठेवून दिला. मी रेल्वेचं तिकीट काढलं आहे, या वेळी वेळेवर.