सरळ कडेसाठी काढलेले वाक्य

मी मुकुंद दामोदर परांजपे, बी.कॉम., कुपवाडमधील एका लहान कारखान्याचा लेखापाल. स्प्रेडशीटच्या सेलमधील परिच्छेद दोन्ही कडांनी सारखा कसा करावा, हे मी याच ई-मेल मंडळात विचारले होते. त्या माहितीचा आज काय उपयोग झाला, ते कळवतो.

मागणी घटल्यामुळे मालकांनी काही कामगार कमी केले. प्रत्येकाला द्यायच्या कागदावर मी नाव, हुद्दा आणि कारण असा तक्ता केला. कारणाचा सेल अरुंद होता. जस्टिफाय करताच कडा सरळ झाल्या, पण शेवटचे वाक्य सेलखाली दडले: 'यात कामगाराचा दोष नाही.' मी ते वगळले. पान देखणे झाले. मालक सह्या करून पुण्याला गेले.

दुपारी लेथवरचे तानाजी मोहिते कागद घेऊन आले. उद्या कराडच्या कारखान्यात कामासाठी तोच दाखवायचा होता.

"आवं साहेब, छापलंय लय झ्याक. पर मला काढलं त्यात माजी चूक न्हाई, ह्ये कुटं हाय? कराडवालं म्हंतील, चोरी केली आसंल."

मी ते वाक्य घालून नवे पान छापले. त्यांनी ते खालपर्यंत पाहिले.

"मालकाची सही?"

"ते सोमवारी येतील. तोवर मी करतो."

"तुमच्या सहीला कोन इचारतंय?"

ते मालकांच्या सहीचा जुनाच कागद घेऊन गेले.

मंडळातील सभासदांनो, पान नीटनेटके दिसावे म्हणून आपण कोणाचे वाक्य काढतो, हे छापण्यापूर्वी कधी पाहता का?

मु. दा. परांजपे
कुपवाड, सांगली
१४ मार्च १९९८