अल्यानिकोच्या बाटलीतला गाळ

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं, आणि त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच असतो.

पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर मी बहारीनला मुलीकडे सनाबिसला आलो आणि मनामातल्या एका हॉटेलात सुरक्षा अधिकाऱ्याची नोकरी धरली. वर्दी गेली, सवयी राहिल्या. सकाळी आल्या आल्या आदल्या पाळीचं रजिस्टर स्टेशन डायरीसारखं वाचायचो.

एके सकाळी त्या रजिस्टरात निनावी चिठ्ठी मिळाली. 'रेस्टॉरंटमधला वसईवाला वाइनमध्ये भेसळ करतो.' आदल्या दिवशी एका पाहुण्याने अल्यानिकोबद्दल तक्रार केलीच होती. अल्यानिको ही इटलीतल्या त्याच नावाच्या स्थानिक द्राक्षाची तांबडी वाइन, दाट आणि चांगलीच कडक. पाहुण्याच्या ग्लासात काळसर चोथा उतरला होता.

वसईवाला म्हणजे वाइन वाढणारा आमचा जुना कर्मचारी, पन्नाशीचा कॅथलिक गृहस्थ. बायको नर्स, मुलगी ईसा टाउनच्या शाळेत दहावीला. व्हिसा गेला असता तर सगळं घरच उठलं असतं.

रेस्टॉरंटचा मॅनेजर माझ्या केबिनमध्ये आला. "सर, ये लोग घर में वाइन बनाते हैं, इनको सब आता है. कबूलनामे पे साइन ले लो, व्हिसा कॅन्सल, खलास."

मी वसईवाल्याला बोलावलं आणि बस असंही म्हटलं नाही. "कधीपासून चाललंय हे? सांगून टाक, त्यात तुझंच भलं आहे." हे वाक्य मी नोकरीत असंख्य वेळा वापरलं होतं.

त्याने आवाज चढवला नाही. "माझे वडील नाताळला घरी वाइन करायचे, खरं आहे. म्हणून मी चोर झालो का साहेब?" मग शांतपणे म्हणाला, "या द्राक्षाची साल जाड असते. जुन्या बाटलीत तळाला गाळ बसतोच. बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवायची, मग हळूहळू दुसऱ्या भांड्यात ओतायची. मॅनेजरना मी तसा मेल केलाय. आणि काल माझी सुट्टी होती. बाटली त्यांनीच ओतली, कालच्या पाळीतले सगळे सांगतायत."

मी हजेरी काढून पाहिली. सुट्टीच होती. पाच मिनिटांचं काम, आणि मी ते माणसाला उभं करून झापल्यावर केलं.

दुपारी त्याच खोक्यातली सीलबंद बाटली मागवली. एचआरच्या बाई आणि स्टोअरकीपर यांना पंच म्हणून समोर घेतलं, मॅनेजरलाही बसवलं. बाटली उघडून शेवटपर्यंत ओतली. तळाला तोच काळसर चोथा. मेलचं विचारलं तर मॅनेजर म्हणाला, "बिझी था, पढ़ा नहीं." पण त्या मेलला त्याचं 'ओके' असं उत्तर होतं. चिठ्ठीही त्यानेच लिहिली होती, हे त्याने शेवटी मान्य केलं. पाहुण्यासमोर आपली चूक झाकायला त्याला एक माणूस हवा होता.

त्याला मिळाली फक्त तोंडी समज. वसईवाल्याला एचआरने सांगितलं, प्रकरण मिटलं, ड्यूटीवर जा.

तो माझ्याकडे आला. "साहेब, चोर ठरवलंत ते सगळ्यांना कळलं. मिटलं हे कोणाला कळलंय?"

"उद्या तुम्ही ड्यूटीवर या," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होताना सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर मी त्याची माफी मागितली. मॅनेजर भिंतीला टेकून मोबाइल बघत होता.

गुन्हेगार शोधण्यात माझी उभी नोकरी गेली. पण मुळात गुन्हा घडलाय का, हे आधी बघायचं असतं, ते मला एका वाइन वाढणाऱ्याने शिकवलं. त्याची माफी मागता आली, कारण तो समोर होता. त्याआधी ज्यांना मी असंच उभं केलं, त्यांतल्या बहुतेकांची मला आता नावंही आठवत नाहीत.