दिवेलागणीचा प्रयोग

ज्या खोलीत चार माणसं रोज काही उगवायची वाट बघत बसतात, तिथे दुसरं काही उगवो न उगवो, किस्से हमखास उगवतात. नव्वदच्या दशकात कोल्हापूरच्या आमच्या लॅबमध्ये सर, सुनंदा, मी आणि लॅबचे शिपाई दत्तूमामा असे चौघे होतो. विषय होता, बिघडलेला डीएनए पेशी दुरुस्त कसा करते.

*

सर सगळ्यांना समजावून सांगत. एकदा मामांची पाळी आली.

"मामा, न्यूक्लिएज नावाचं एन्झाइम डीएनएचा बिघडलेला तुकडा कापून काढतं. मग दुसरं एन्झाइम येऊन ती जागा भरतं."

"म्हंजे खणणारा येगळा आणि बुजवणारा येगळा?"

"अगदी बरोबर!"

"आमच्या गल्लीत पायपासाठी खणून गेल्यात. बुजवणारा अजून यायचाय!"

*

न्यूक्लिएज आपल्या बोटांवरही असतं. उघडा हात लागला की नळीतला डीएनए खलास! म्हणून ग्लोव्ह्जबाबत सर फार कडक.

एके दुपारी सर ग्लोव्ह्ज घालूनच व्हरांड्यात भडंग खात होते. खाऊन झालं आणि तसेच आत येऊन त्यांनी नळी उचलली. सुनंदा किंचाळली, "सर, हात!"

सरांनी शांतपणे ग्लोव्ह्ज काढून दोन्ही हात दाखवले. "बघ की, किती स्वच्छ आहेत!"

*

सुनंदाला बघायला राजारामपुरीहून पाहुणे आले. मुलगा सोडून सगळे! मुलगी काय करते, हे ऐकून मुलाचे वडील सरसावून बसले.

"आमच्या घराण्यात टक्कल हाय. तेवढा तुकडा कापून काढता येईल व्हय?"

सुनंदाने ते स्थळ नाकारलं. मला म्हणाली, "टक्कल चाललं असतं रे. पण सँपलच आणलं नव्हतं!"

*

पण खरा किस्सा तिच्या पीएचडीचा.

तिच्या जिवाणूंमध्ये हे न्यूक्लिएजच नव्हतं. अतिनील किरण दिले की डीएनए बिघडणार, कापून काढणारं कोणी नाही, म्हणजे ते मरायला हवेत. अट एकच, नंतर त्यांच्या प्लेट्स अंधारात ठेवायच्या. उजेड मिळाला की जिवाणूंमधलं दुसरंच एक एन्झाइम न कापता दुरुस्ती करून टाकतं.

सुनंदा संध्याकाळी किरण देऊन, अंधाऱ्या खोलीत प्लेट्सवर काळं कापड टाकून, सहाच्या बसने कसब्या बावड्याला घरी जायची. सकाळी बघावं तर सगळे जिवंत! मामा भातलावणीला शाहूवाडीला गेले त्या आठवड्यात तेवढे मेले. आम्ही म्हटलं, हवा बदलली असेल.

अशी तीन वर्षं गेली. सर म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर विषय बदला." सुनंदाचं जेवण सुटलं. मला तिच्याकडे बघवत नसे.

एक दिवस तिची बस चुकली म्हणून ती परत आली. अंधाऱ्या खोलीत ट्यूबलाइट लख्ख, काळं कापड नीट घडी घालून ठेवलेलं आणि प्लेट्ससमोर हात जोडून मामा!

"मामा, हे काय?"

"दिवेलागणीची येळ हाय की! रोज अर्धा तास दिवा ठिवतो, मग परत झाकतो. तिन्हीसांजंला जित्या जिवाला अंधारात ठिवत्यात व्हय?"

सुनंदा स्टुलावर बसून आधी रडली, मग हसत सुटली. दुसऱ्या दिवशी त्या खोलीला कुलूप लागलं आणि जिवाणू मुकाट्याने मेले. प्रबंधही पूर्ण झाला.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. प्रबंध चाळत म्हणाले, "अंधारात मरतात, पटलं. पण उजेडात जगतात, हे कितीदा तपासलंत?"

"तीन वर्षं, सर."

"तीन वर्षं? सलग?"

दारात चहाचा ट्रे घेऊन उभे असलेले मामा पुढे झाले.

"रजा सोडली तर एक दिवस चुकवला न्हाय, सायेब!"